खोल्यातून निसटलेली कोळंबी पुढे जगते का: रत्नागिरीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२४

ट्रॉल जाळ्याच्या शेवटी मासळी साठते ती पिशवी म्हणजे खोला, आणि जाळीचं भोक म्हणजे आस. ४० मिमी चौकोनी आसाचा खोला लावला की लहान कोळंबी बाहेर पडते, हे पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचं (सिफ्ट) यावर मोठं काम आहे. शेजारच्या सिंधुदुर्गात यूएनडीपी-जीईएफ (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी) प्रकल्पातून असे खोले ट्रॉलरवाल्यांपर्यंत पोचलेही. या नोंदींचा विषय त्यापुढचा आहे: आसातून घासून निघालेलं, शेपटी मारून मारून दमलेलं पिल्लू पुढचे चार-पाच दिवस जगतं का? जगत नसेल तर मोठा आस म्हणजे मेलेली मासळी तळाशी सोडणं, आणि तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) त्यासाठी तोटा का सोसावा याला उत्तर उरत नाही.

लहान जीव जाळ्यातून चार वेळी सुटतो. ओढ चालू असताना तळाशी, जाळं वर येताना, पृष्ठभागावर खोला ढिला पडला की, आणि शेवटी डेकवर निवडून परत फेकला की. चारही ठिकाणचा ताण वेगळा असतो, म्हणून त्यांची एकच बेरीज करायची नाही. मुख्य मोजणी तळाशी सुटलेल्यांची, तुलनेला डेकवरून फेकलेली.

काम ऑक्टोबरात सुरू करायचं नाही, असं ठरवलं. पावसाळ्याच्या शेवटी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात तळाचं पाणी प्राणवायूला फार कमी पडतं. गोव्यात कांदोळीसमोर साधारण २८ मीटर खोलीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे वर्षानुवर्षं नोंदवत आली आहे, आणि दक्षिण कोकणही त्याच पट्ट्यात येतो. लिटरला २ मिग्रॅपेक्षा कमी प्राणवायूच्या पाण्यात दमलेली कोळंबी मेली, तर ती जाळ्याने मेली की पाण्याने, हे सांगता येणार नाही. नोव्हेंबरात वरचं-खालचं पाणी मिसळू लागलं की सुरुवात.

समुद्रातलं काम भांगाच्या दिवसांतच ठेवायचं, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास. उधाणाला तळाचा गाळ इतका ढवळतो की कॅमेऱ्यात खोला दिसतच नाही, आणि निसटलेले जीव पकडायला खोल्याभोवती लावलेल्या आवरणाच्या बारीक जाळीत चिखल बसतो.

११ ऑक्टोबर

खोला. एचडीपीई वेणीचा दोरा, जाडी १.२५ मिमी, आस ४० मिमी, म्हणजे चौकोनाची बाजू २० मिमी. लांबी १५० बाजू (३ मीटर), घेर १०० बाजू (२ मीटर, पाण्यात फुगल्यावर व्यास सुमारे ६४ सेंमी). पुढच्या २५ मिमीच्या डायमंड (कोनावर उभ्या आसाच्या) जाळीच्या गळ्याला २०० आस आहेत, म्हणून जोडताना दोन डायमंडला एक बाजू असं प्रमाण सरळ बसतं.

डायमंड आस ओढीच्या ताणाने मिटतो. मासळी जसजशी भरते तसा खोल्याचा पुढचा भाग अधिकच मिटत जातो. चौकोनी आसाच्या दोन बाजू ओढीच्या दिशेलाच असतात, ताण त्यांच्यावर जातो आणि भोक उघडं राहतं. सगळा फायदा एवढ्यातच आहे, त्यामुळे चौकोन चौकोनच राहतो का यावर नजर हवी. गाठीच्या जाळीत इथेच बिघडतं. डायमंडमध्ये गाठीच्या चारही पायांवर ताण असतो, चौकोनात दोनच पायांवर, आणि गाठ सरकते. मग एक भोक १७ मिमीचं आणि शेजारचं २३ चं होतं. विणून झाल्यावर खोला वजन लावून रात्रभर पाण्यात ताणून ठेवायचा आणि मगच मोजायचा.

मोजणी ओल्या जाळीवर, सलग २० आस, दोन्ही कर्णांच्या दिशेने ताणून. ओमेगा गेज (आस मोजायचं यंत्र) असेल तर ३५ ते ५५ मिमीच्या आसाला ५० न्यूटनचा जोर. शिवणीच्या आणि काठाच्या दोऱ्याजवळचे तीन आस सोडायचे, ते नेहमी खोटे असतात. प्रत्येक फेरीनंतर हीच मोजणी पुन्हा.

१९ ऑक्टोबर

खोल्याभोवतीचं आवरण. निसटलेला जीव यातच सापडतो, आणि प्रयोग बिघडवणारी पहिली वस्तूही हीच.

जाळी १० मिमीची, बिनगाठीची नायलॉन. गाठीची जाळी स्वस्त पडते, पण गाठ कोळंबीचं कवच खरवडते आणि ती जखम खोल्याच्या हिशेबात जाते. आवरणाची लांबी आणि रुंदी खोल्याच्या दीडपट तरी हवी. इथे लांबी ४.५ मीटर आणि त्यामागे दीड मीटरची संग्रह-पिशवी. आवरण खोल्याला चिकटलं तर आस झाकले जातात, बाहेर पडू पाहणारी कोळंबी दोन जाळ्यांमध्ये अडकते आणि सुटकेचा आकडाच खोटा येतो. म्हणून तीन कडी: ३२ मिमी एचडीपीई पाइपची, १.२ मीटर व्यासाची, प्रत्येकीला ३.७७ मीटर पाइप. पाइपला दर वीतभर अंतरावर ६ मिमीचं भोक पाडायचं. भोकं नसतील तर आत हवा राहते, कडं वर तरंगतं आणि खोल्याचा वरचा भाग झाकला जातो. भोकं पाडूनही एचडीपीई किंचित हलकीच. प्रत्येक कड्याच्या तळाला थोडं शिसं बांधलं की बरोबर बसतं. मधलं कडं मासळीचा फुगवटा येतो तिथेच हवं, म्हणजे खोल्याच्या टोकापासून पाऊण मीटर पुढे.

संग्रह-पिशवीच्या मागच्या ७० सेंमीला आतून ताडपत्रीचं अस्तर. पिशवी वर उचलली की त्यात पाणी राहतं आणि कोळंबी पाण्यातच वर येते. अस्तर नसलेल्या पिशवीत सगळं वजन खालच्या जिवांवर येतं. पिशवीत काथ्याचे झुपके बांधले, जिवांना धरायला आधार मिळावा म्हणून. काथ्या आधी आठवडाभर पाणी बदलत भिजवून घ्यायचा. नव्या काथ्याचं तपकिरी पाणी टबात नको.

२६ ऑक्टोबर

युरोपात १९९० च्या दशकात हॅडॉक, व्हायटिंग या माशांवर आणि नेफ्रॉप्स या शेवंडीवर असे प्रयोग झाले. त्यांतून आणि नंतरच्या कामातून एक मोठी अडचण स्पष्ट झाली: आवरणात सापडलेला जीव ओढ संपेपर्यंत तिथेच पाण्याच्या जोराशी झगडत राहतो, आणि पुष्कळ वेळा तो मरतो ते या झगड्याने. दीड तासाच्या ओढीत पाचव्या मिनिटाला निसटलेली कोळंबी पुढची ८५ मिनिटं आवरणात आपटत राहिली, तर तिच्या मरणाचा दोष खोल्याला कसा देणार?

म्हणून पिशवी बहुतेक वेळ मागून उघडी ठेवायची आणि ठरलेल्या वेळीच बंद करायची. दोन सुटके (ठरल्या वेळी आपोआप सुटणारे बंध) लागतात:

पहिला सुटका ७० व्या मिनिटाला. पिशवीचं मागचं तोंड रबरी दोरीने मिटतं आणि गोळा होणं सुरू होतं.

दुसरा सुटका ८५ व्या मिनिटाला. आवरण आणि पिशवी यांच्यातला गळा मिटतो. त्यानंतर सुटलेला जीव पिशवीत येऊ शकत नाही.

९० व्या मिनिटाला विंच चालू. दुसरा सुटका नसेल तर जाळं उचलताना ढिल्या खोल्यातून निसटलेले जीवही पिशवीत येतात. ती संख्या थोडी नसते, आणि त्यांनी सोसलेला ताण वेगळा असतो.

गॅल्व्हॅनिक कडी इथे चालणार नाही. ती तासांच्या हिशेबात झिजते, आणि गरम, खारट पाण्यात लवकर झिजते. तारेचा सुटका वापरला: ०.४ मिमी स्टेनलेस तार, टायमर, ९ व्होल्टची बॅटरी, सगळं ओ-रिंगच्या पीव्हीसी डबीत. विद्युतप्रवाह सुरू झाला की समुद्राच्या पाण्यात उघडी तार विरघळते आणि काही मिनिटांत तुटते. किती मिनिटांत, हे तारेच्या उघड्या लांबीवर ठरतं. उघडा भाग ३ मिमीच ठेवायचा, बाकी तारेवर इपॉक्सी. उघडा भाग जास्त राहिला तर प्रवाह पसरतो आणि तार तुटायला वेळ लागतो. प्रत्येक तुकडीतल्या दोन तारा आधी त्याच खारटपणाच्या पाण्यात तोडून वेळ लिहायची आणि टायमर तेवढा आधी लावायचा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस. वाळूचा एक कण राहिला तरी १५ वाव (सुमारे २७ मीटर) खोलीवर डबीत पाणी शिरतं.

८ नोव्हेंबर

बोटीवर ५०० लिटरचे दोन इन्सुलेटेड टब, किनाऱ्यावर तसेच चार. आतली सोय: एक लिटरच्या प्लास्टिक बरण्या, सोल्डरिंग गनने ४ मिमीची भोकं पाडून, आतली कड सँडपेपरने घासून. एका बरणीत एकच कोळंबी. एकत्र ठेवल्या तर कात टाकलेली मऊ कोळंबी दुसऱ्या खातात, आणि मग मरणाचं कारण कळायला मार्ग उरत नाही.

पाण्याचे नियम टबावरच रंगवून ठेवले. प्राणवायू लिटरला ५ मिग्रॅच्या खाली नको. खारटपणा पकडीच्या जागेपेक्षा दर हजारी २ पेक्षा जास्त वेगळा नको. तापमानात १ अंशाहून अधिक फरक नको. अमोनिया रोज तपासायचा: पीएच ८ च्या वर असताना आणि पाणी गरम असताना त्याचा विषारी भाग वाढतो, त्यामुळे दुपारचा आकडा सकाळच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा. टबातलं पाणी बंदरातलं घ्यायचं नाही. तिथे डिझेलचा तवंग असतो आणि खाडीच्या पाण्याने खारटपणा बदलतो. पाणी ओढीच्या जागीच भरायचं, बोटीच्या पुढच्या बाजूने, इंजिनच्या पाण्यापासून दूर.

पितळी नळ, तांब्याची जोडणी, गंजकं लोखंड यांपैकी काहीही पाण्यात नको. तांबं कवचवाल्या जिवांना फार थोड्या प्रमाणातही मारतं. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिक व्हॉल्व्हच्या आतला स्क्रूही बऱ्याचदा पितळी निघतो, उघडून बघायचा.

टबांवर झाकण आणि ओलं गोणपाट. काम लाल टॉर्चवर. नेफ्रॉप्सच्या डोळ्यांना दिवसाच्या उजेडाने कायमची इजा होते, हे स्कॉटलंडच्या १९८० च्या दशकातल्या कामात दिसलं. आपली कोळंबी उथळ पाण्यातली असल्याने तितकी नाजूक नसेल. तरीही गढूळ तळावरून आलेल्या जिवाला थेट उन्हात मोजणं म्हणजे नवा ताण देणं.

१० नोव्हेंबर

पहिली समुद्रचाचणी, १३ वाव पाण्यात, कोळंबी न ठेवता. फक्त आकार आणि सुटके पाहिले. कॅमेरा पहिल्या कड्यावर, मागे तोंड करून, लाल दिव्यासह.

आवरणाने ओढ जड होते. त्याच इंजिन-फेऱ्यांवर वेग पडतो, आणि वेग पडला की खोल्यातून जाणारं पाणी कमी होऊन निसटणंही बदलतं. म्हणून तांडेलाला फेऱ्या न सांगता जीपीएसवरचा वेग सांगायचा: २.२ नॉट, प्रवाहाच्या दिशेसह लिहून.

तिसरं कडं तिरकं बसलं होतं. कारण असं की पिशवी भरली की ती कड्याला खालून ओढते. कडी आणि आवरण एकाच ठिकाणी न बांधता सहा ठिकाणी केबल टायने बांधली, आणि पिशवीच्या गळ्याला दोन छोटे बुजे (तरंगे) लावले. त्यानंतर खोला आणि आवरण यांच्यातली जागा चहूबाजूंनी सारखी राहिली.

२३ नोव्हेंबर

जगण्याच्या मोजणीची पहिली ओढ. वरच्या आणि तळाच्या पाण्याच्या तापमानात जेमतेम फरक, तळाचा प्राणवायू ठीक.

पिशवी डेकवर टेकवायची नाही. डेरिकने उचलून थेट टबावर आणायची, मागचं टोक पाण्याखाली गेल्यावरच दोरी सोडायची. हवेत राहण्याचा वेळ घड्याळ लावून मोजायचा. ३ मिनिटांपलीकडे गेला तर ती ओढ जगण्याच्या हिशेबातून बाद, आकारमोजणीला चालेल.

निवड कशी करायची ते आधीच ठरलेलं हवं. हाताने उचलायला गेलं की हात आपोआप तरतरीत कोळंबीकडे जातो. म्हणून दोन लिटरचं भांडं टबात न बघता बुडवायचं आणि त्यात आलेली प्रत्येक कोळंबी घ्यायची, मेलेलीसुद्धा. वर येतानाच मेलेल्यांचीही गणतीत जागा आहे.

प्रत्येकीला बरणीत टाकण्याआधी सहा तपासण्या, २० सेकंदांत: स्पर्शाने शेपटी मारते का, उलटी केली की सरळ होते का, पोटाखालचे पोहण्याचे पाय हलतात का, चालण्याचे पाय पसरते का, मिशा हलवते का, डोळे आवळून घेते का. प्रत्येक तपासणीला ० किंवा १ गुण. ही बेरीज पुढे कामाला येते: समुद्रात गुण द्यायचे आणि किनाऱ्यावर जगणं मोजायचं, दोन्ही जुळले तर नंतरच्या ओढींत टबाशिवायही अंदाज बांधता येईल.

त्याच वेळी पाहायच्या दोन गोष्टी. शेपटीचा स्नायू पारदर्शक आहे की दुधाळ: दुधाळपणा शेवटच्या खंडांतून सुरू होतो आणि अतिश्रमाने स्नायू मरू लागल्याची ती खूण आहे. आणि कवच मऊ आहे का: बाजूने अलगद दाबलं की कात नुकती टाकली आहे हे समजतं. मऊ कोळंबीचा गट वेगळा. तिला २० मिमीच्या भोकाची कडासुद्धा चिरते.

२४ ते २९ नोव्हेंबर

बरण्यांची पाहणी ६, १२, २४ तासांनी आणि पुढे दर २४ तासांनी. मेली असं कधी म्हणायचं: काचेच्या दांडीने स्पर्श करून दोन मिनिटं पाहूनही पोहण्याचे पाय आणि मिशांचं मूळ हललं नाही तर. नुसती आडवी पडलेली कोळंबी मेलेली धरायची नाही. दमलेली कोळंबी तासन् तास आडवी पडून पुन्हा उठते.

दुसरी फसगत कातीची असते. बरणीत तरंगणारं पारदर्शक कवच पाहून मेली असं लिहिलं जातं आणि कोळंबी काथ्याखाली जिवंत असते. डोळे पोकळ असतील तर ती कात. कात उचलायची नाही. कोळंबी ती खाते.

मरणं बहुतांशी पहिल्या दिवसातच झाली, आणि मरणाऱ्यांमध्ये शेपटी दुधाळ असलेल्या व मऊ कवचाच्या अधिक होत्या. नंतर जगण्याच्या आलेखाची रेषा जवळजवळ आडवी झाली. रेषा आडवी झाल्याशिवाय पाहणी थांबवायची नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा मरणं सुरू झाली तर बहुतेक वेळा कारण पाणी असतं, जाळं नव्हे: अमोनिया, उरलेलं खाद्य किंवा बंद पडलेला एअर पंप. पहिले ४८ तास खायला काही नाही, पुढे तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) मांसाचा एक बारीक तुकडा, दोन तासांनी उरलेला काढून टाकायचा.

तिसऱ्या दिवसापासून जखमा काळ्या पडू लागतात. कवचवाल्या जिवांत जखमेवर काळं रंगद्रव्य चढतं, त्याला एक-दोन दिवस लागतात. याचा चांगला उपयोग होतो. पकडल्या दिवशीच काळी असलेली जखम जुनी. पुढे काळी पडलेली जखम या ओढीतली. डोक्याच्या कवचाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर काळ्या रेषा आल्या तर ती आसातून घासून निघाल्याची खूण समजायची.

३० नोव्हेंबर

नियंत्रण-गटाबद्दल, कारण यावरच सगळं उभं आहे.

टबात मेलेली प्रत्येक कोळंबी जाळ्याने मारलेली नसते. पिशवी, उचलणं, बरणी, प्रवास यांचाही वाटा असतो. तो वजा करायला अशा कोळंब्या हव्यात ज्यांनी खोल्याचा भाग सोडून बाकी सगळं सोसलं आहे. खाडीत पागाने पकडलेली कोळंबी सोपी मिळते, पण ती बहुधा दुसऱ्या जातीची आणि कमी खारट पाण्याची, म्हणून बाद. निवड अशी: आधीच्या ओढीतून पाच दिवस जगलेल्या, पॅरापेनिऑप्सिस स्टायलिफेरा याच जातीच्या, त्याच आकाराच्या कोळंब्या. त्या पिशवीतल्या वेगळ्या कप्प्यात घालून जाळ्याबरोबर खाली पाठवायच्या, आणि वर आल्यावर निसटलेल्यांसारखीच त्यांची तपासणी, त्याच टबात, सरमिसळ करून. कुठली बरणी कुठल्या गटाची हे पाहणाऱ्याला माहीत नसावं. झाकणावर फक्त क्रमांक.

यात एक कच्चा दुवा आहे. एकदा जगून दाखवलेल्या या कोळंब्या मुळातच दणकट असणार. त्यामुळे नियंत्रण-गटाचं जगणं थोडं जास्त दिसेल आणि खोल्यावर थोडा जास्तच दोष येईल. चूक या बाजूला झालेली चालते, कारण मग ‘इतक्या तरी जगतात’ असं ठामपणे म्हणता येतं.

हिशेब भागाकाराने. समजा, नियंत्रण-गटातल्या १०० पैकी ९० जगल्या आणि निसटलेल्या १०० पैकी ७२, तर सुटकेनंतरचं जगणं ७२ ला ९० ने भागून ०.८०. नियंत्रण-गटच १०० पैकी ८० च्या खाली गेला, तर ती ओढ टाकून द्यायची. वजाबाकी कितीही केली तरी तो आकडा विश्वासाचा होत नाही.

९ डिसेंबर

आवरणात मोठी मासळी सापडली: हातभर बळा (पट्टीसारखा लांब मासा) आणि टपोरी कोळंबी. २० मिमीच्या चौकोनातून ती येऊ शकत नाही. खोला उलटा करून पाहिला तर तळाशी सात-आठ आस गोल कुरतडलेले. हे केंडांचं (फुगणाऱ्या, दणकट दातांच्या माशांचं) काम. केंडांचा थवा जाळ्यात आला की ते आतून दोरा तोडतात. अशी ओढ पूर्ण बाद. त्यामुळे नियम: प्रत्येक ओढीनंतर पिशवीतल्या सगळ्यात मोठ्या जिवाची जाडी आधी पाहायची. ती २८ मिमीपेक्षा (चौकोनाचा कर्ण) जास्त असेल तर भोक शोधायचं, मगच बाकीचं काम. तुणताना चौकोन राखायचा. डायमंडच्या सवयीने तुणलेला तुकडा मिटतो.

याच ओढीत पिशवीत लहान स्क्विला (कोळंबीसारखा दिसणारा शिकारी कवचधारी जीव) बरीच आली. तिच्या भाल्यासारख्या पायाने कोळंबीच्या पोटात बारीक टोचे पडतात, ते पहिल्या दिवशी दिसतही नाहीत. टोचल्याच्या गोल काळ्या खुणा आणि आसाच्या लांब काळ्या रेषा तिसऱ्या दिवशी वेगळ्या ओळखू येतात. तक्त्यात दोन रकाने केले. शिवाय पिशवीच्या तोंडाशी १५ सेंमी लांब काथ्याच्या लडींचा दाट पडदा लावला. स्क्विला आणि कुर्ल्या त्याला धरून बसतात, कोळंबी मागे वाहत जाते. पूर्ण उपाय नव्हे, पण गर्दी कमी होते.

२३ डिसेंबर

डेकवरून फेकलेल्यांची तुलना. आवरण काढलं, २५ मिमीचा नेहमीचा डायमंड खोला, दोन तासांची ओढ, म्हणजे बंदरावर जशी चालते तशी. ढीग डेकवर पडल्यापासून १०, २० आणि ४० मिनिटांनी ढिगाच्या वरून, मधून आणि खालून लहान कोळंबी घेऊन बरण्यांत. या तिन्ही थरांत फरक मोठा आहे. वरची उन्हात सुकते, खालची वजनाखाली चेपते, मधली त्यातल्या त्यात बरी.

२० मिनिटांनी घेतलेल्यांत शेपटी मारणाऱ्या थोड्या, ४० मिनिटांनी घेतलेल्यांत जवळजवळ नाहीत. हवेत कल्ले एकमेकांना चिकटतात, रक्तात अमोनिया आणि लॅक्टिक आम्ल साठतं, आणि पाण्यात परत टाकलं तरी ते उतरायला कित्येक तास लागतात. तळाशी निसटलेल्या गटाशी तुलना करता अंतर इतकं उघड आहे की त्यासाठी संख्याशास्त्र लागत नाही. लहान कोळंबी समुद्रात परत टाकली की ती जगली, असं धरून चालणाऱ्यांनी ही ४० मिनिटांची बरणी पाहावी. सुटका व्हायची तर ती तळाशीच व्हायला हवी.

पाणी मारून ढीग ओला ठेवला तर फरक पडतो. सावलीच्या ताडपत्रीनेही पडतो. दोन्ही फुकट आहेत, आणि खलाशांना लगेच सांगण्यासारखे आहेत.

७ जानेवारी २०२५

बरणीत न मोजता येणारं एक मरण आहे: भक्षकांचं. ट्रॉलच्या मागे ढोमे आणि बळे फिरत असतात. दमलेलं पिल्लू तळावर उघडं पडलं तर ते खाल्लं जाणार. बरणीतली कोळंबी या धोक्यापासून सुरक्षित असते, म्हणून बरणीचा आकडा खऱ्यापेक्षा चांगलाच येणार.

यावर थेट मोजणी नाही, पण जवळची आहे. ४० × ३० सेंमीचे ट्रे, त्यात ६ सेंमी चिखलमिश्रित बारीक वाळू (त्याच जागेची, चाळून आणि दोन दिवस हवा सोडून), वर १५ सेंमी पाणी. निसटलेली कोळंबी टबातून थेट ट्रेमध्ये सोडायची, डोळेच वर राहतील इतकी गाडली जाईपर्यंतचा वेळ मोजायचा. नियंत्रण-गटाची तशीच. मोजणी दिवसाच, कारण अंधारात या कोळंब्या स्वतःहून वर येतात. चाळणं सोडायचं नाही: शंखाचा तुकडा आडवा आला की तंदुरुस्त कोळंबीही तीन-तीनदा प्रयत्न करत बसते. वाळू आठवड्याहून जास्त वापरली की तळाशी काळी होते, सल्फाइडचा वास येतो आणि कोळंबी गाडून घ्यायचं टाळते.

निसटलेल्यांना उघड उशीर होतो. त्यांतल्या काही आधी बराच वेळ बाजूला कलून राहतात आणि मग एका दमात आत जातात. गुणांची बेरीज कमी असलेल्यांना जास्त उशीर, म्हणजे सहा तपासण्यांचा आणि या वेळेचा मेळ बसतो आहे.

१२ जानेवारी

आकाराबद्दल. सगळी मोजमापं डोक्याच्या कवचाची: डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून कवचाच्या मागच्या मध्यापर्यंत, व्हर्निअरने, ०.१ मिमीपर्यंत. पूर्ण लांबी घेत नाही, कारण नाकाचा काटा ओढीत मोडतो. मोजणी शेवटी, जगणं ठरल्यावर. आधी मोजणं म्हणजे आणखी एक हाताळणी.

लहान कोळंबी आसातून सहज जाते आणि कमी घासते, पण दमते लवकर. भोकात जेमतेम बसणारी कोळंबी दमलेली नसते, पण चिरली जाते. त्यामुळे मरणाची रेषा आकाराबरोबर सरळ उतरेल किंवा चढेल, असं धरून विश्लेषण करायचं नाही. आकाराचे तीन गट वेगळे ठेवायचे.

आकड्यांचा भरवसा किती, हेही इथेच. एका ओढीतल्या ४० कोळंब्या म्हणजे ४० स्वतंत्र साक्षी नव्हेत. तोच चिखल, तीच मासळी, तोच विंच. खरा नमुना म्हणजे ओढ. एखाद्या गटात ६० पैकी एकही मेली नाही, तरी ‘मरण शून्य’ लिहायचं नाही. ३ ला ६० ने भागून वरची मर्यादा सुमारे ५ टक्के, आणि ओढींमधला फरक धरला तर त्याहून जास्त. ३० पैकी शून्य असेल तर मर्यादा १० टक्के.

२१ जानेवारी

लहान कुर्ल्या, तीन ठिपक्यांच्या (पोर्टुनस सँग्विनोलेंटस), आवरणात नियमित येतात, म्हणून त्यांची वेगळी बरणी-रांग. कुर्लीत मरण कमी आणि तुटणं जास्त. पाय तिने स्वतः सांध्याच्या ठरलेल्या जागी तोडला असेल तर रक्त लगेच थांबतं; मधेच मोडला असेल तर ती वाहून मरते. म्हणून ‘पाय गेला’ एवढं न लिहिता कुठून गेला ते लिहायचं. खोल्यातून काढताना अडकलेली कुर्ली ओढायची नाही, दोरा कापायचा. एक आस तुणायला पाच मिनिटं लागतात.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. डेकवर निवडून परत टाकणं हा त्याचा अर्थ झाला, तर डिसेंबरच्या ४० मिनिटांच्या बरण्यांतलं चित्रच समुद्रात दिसेल. तांडेलांच्या पुढच्या बैठकीत खोला आणि निवडीचा वेळ हे दोन्ही विषय एकत्र मांडायचे, आणि ट्रे व बरण्या तिथे ठेवायच्या.

पुढच्या भांगाला करायचं: ओढ ९० ऐवजी १५० मिनिटांची, पहिला सुटका १३० व्या मिनिटाला, दुसरा १४५ व्या मिनिटाला. गोळा करण्याची खिडकी तीच १५ मिनिटांची राहील, बदलेल फक्त खोल्यातली गर्दी आणि चिखल. दोन्ही डब्यांच्या ओ-रिंग बदलायच्या, तारेची नवी तुकडी आहे म्हणून तुटण्याची वेळ पुन्हा मोजायची, आणि खोल्याचे २० आस निघण्याआधी ओले करून मोजायचे.